दुरुस्त्यांची टपालवाट

१६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोज या कार्यप्रणालीतले (ऑपरेटिंग सिस्टीममधले) एक गंभीर वैगुण्य जाहीर केले आणि त्यावरची दुरुस्तीही सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर सव्वीस दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्याच वैगुण्यातून शिरकाव करणारा ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म जगभरच्या संगणकांत पसरू लागला. दुरुस्ती विनामूल्य होती, तिचा आकार सव्वा मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे त्या काळाच्या मानानेही किरकोळ होता, आणि तरीसुद्धा ज्यांची जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होती अशा असंख्य लोकांना ती मिळवता मिळेना. संगणक इंटरनेटला जोडावा, तर थोड्याच वेळात वर्म आत यावा, पडद्यावर साठ सेकंदांची मुदत देणारी सूचना झळकावी आणि मुदत संपताच यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावे. इकडे सेकंदाला चार किलोबाइट या गतीने ती दुरुस्ती उतरवून घ्यायला पाच मिनिटांहून अधिक वेळ हवा. ज्या तारेने औषध यायचे तिनेच आजार येत होता, आणि आजार अधिक वेगाने येत होता. शिवाय १६ ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टच्या अपडेट वाटणाऱ्या पत्त्यावरच हल्ला चढवण्याची तजवीजही वर्म रचणाऱ्याने त्यात करून ठेवली होती.

कार्यप्रणालीच्या अपडेटांची हकीकत बहुधा पाठवणाऱ्याच्या बाजूने लिहिली जाते. कोणत्या कंपनीने कोणती आवृत्ती कोणत्या तारखेला काढली, याची नोंद काटेकोर असते. पण ती आवृत्ती कोल्हापूरच्या महाविद्यालयात किंवा लातूरच्या एखाद्या छपाईच्या दुकानात कोणत्या मार्गाने आणि किती महिन्यांनी पोहोचली, याचे दप्तर कोणी ठेवलेले नाही. माझ्या मते इतिहासाचा हाच भाग अधिक मोलाचा आहे, कारण ज्याची तार सर्वांत अरुंद त्याच्यापर्यंत दुरुस्ती सर्वांत उशिरा पोहोचली, आणि हे अंतर भरून काढण्यासाठी माणसांनी माणसांकरिता जी व्यवस्था उभी केली ती तंत्रज्ञांच्या योजनांइतकीच कल्पक होती.

मूळ विवंचना जुनीच आहे. अमेरिकेत १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचा छोटा प्रोग्राम प्रसिद्ध केला, तेव्हा संपूर्ण प्रोग्राम पुन्हा पाठवण्याऐवजी जुन्या व नव्या प्रतीतला केवळ फरक पाठवावा आणि तो घेणाऱ्याच्या यंत्रावर जुन्या प्रतीत बसवावा, ही सोय मॉडेमच्या मंद गतीवर काम करणाऱ्या सर्वांनाच लाभली. पुढे १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ रचले. त्यात तर दोन्ही प्रती एका ठिकाणी असण्याचीही आवश्यकता उरली नाही. घेणाऱ्याने आपल्याजवळच्या प्रतीच्या तुकड्यांची लहान बेरीज-खूण पाठवायची आणि देणाऱ्याने तिच्याशी ताडून जे तुकडे जुळत नाहीत तेवढेच रवाना करायचे. एका फायलीच्या दोन प्रती पृथ्वीच्या दोन टोकांना असल्या तरी त्यांतला भेद अशा रीतीने ओळखता यावा, ही युक्ती मला आजही थक्क करते.

आपल्याकडे या अरुंद तारेची कहाणी मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेपासून सुरू होते. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेतून एर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा परदेशाशी संबंध जोडला गेला तो सेकंदाला ९६०० बिट वाहणाऱ्या तारेने; त्या गतीने एक फ्लॉपी भरेल एवढा मजकूर यायला वीस मिनिटे लागत, आणि तीही सारी तार त्या एका कामाला दिली तर. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. तरी पल्सच्या हिशेबाने वाढणारे टेलिफोनचे बिल आणि मध्येच तुटणारी लाइन यांमुळे कार्यप्रणालीसारखी अवजड वस्तू त्या मार्गाने आणण्याचा विचार शहाणा माणूस करीत नसे. मोठी फाइल आणायचीच झाली तर ती कार्यालयातल्या बऱ्या जोडणीवर उतरवून, ‘एआरजे’ या प्रोग्रामने तिचे तुकडे पाडून, फ्लॉप्यांच्या चळतीत भरून घरी न्यावी लागे, आणि त्या चळतीतली एकच फ्लॉपी खराब निघाली तरी सारा खटाटोप व्यर्थ जाई.

या अडचणीवर आपल्या देशात जो उपाय रुळला तो मासिकांचा. ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने १९९६ साली अंकासोबत लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीची सीडी दिली आणि पुढे ती प्रथा चालू ठेवली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. त्या सीडीचे महत्त्व आज समजणे कठीण आहे. साडेसहाशे मेगाबाइटांचा ऐवज, जो टेलिफोनच्या तारेवरून उतरवायला दीड दिवसाहून अधिक वेळ अखंड लागला असता, तो रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे अंकाच्या किमतीत मिळू लागला, आणि एका वर्गणीदाराची सीडी साऱ्या वसतिगृहात फिरू लागली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात सुटे भाग आणायला गेलेला माणूस दुकानदाराकडून ड्रायव्हरांची व अपडेटांची सीडीही भरून आणी. खेडोपाडी संगणक दुरुस्त करणारी पोरे पिशवीत अशा सीड्यांचे पाकीट बाळगीत. त्यांच्या फेऱ्यांनीच कित्येक यंत्रांना पहिली दुरुस्ती मिळाली, हे आवर्जून लिहून ठेवले पाहिजे.

ब्लास्टरच्या धक्क्यानंतर ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देण्याचा शिरस्ता घातला, आणि ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्याचे संपूर्ण रूप २६६ मेगाबाइटांचे होते: सेकंदाला पाच किलोबाइटांनी पंधरा तास. त्याच सुमारास अमेरिकेतील सॅन्स या संस्थेच्या निरीक्षणानुसार दुरुस्ती न केलेले यंत्र इंटरनेटवर सरासरी वीस मिनिटेच निर्धोक राहत होते. पंधरा तास आणि वीस मिनिटे यांतली तफावत कंपनीलाही दिसत असावी, कारण मागणी करणाऱ्याला हा पॅक सीडीवर विनामूल्य पाठवण्याची सोय तिने ठेवली होती.

पुढे जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड सुरू केला. २५६ किलोबिट ही गती आज हास्यास्पद वाटेल, पण डायल-अपवरून आलेल्यांना ती ऐश्वर्यासारखी होती. मासिक मर्यादा मात्र तोकडी असे, आणि म्हणून काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत जी अमर्याद मुभा होती तिच्याभोवती एका पिढीने आपली रात्र बेतली: झोपण्यापूर्वी डाउनलोड मॅनेजरमध्ये वेळ लावायची, आणि अर्धवट राहिलेली फाइल दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे चालू करायची. 

अरुंद तारेवरच्या माणसापर्यंत दुरुस्ती पोहोचवण्यात लिनक्सवाल्यांनी मायक्रोसॉफ्टपेक्षा अधिक आस्था दाखवली असे माझे स्पष्ट मत आहे. २००५ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाची ३.१ ही आवृत्ती आली ती चौदा सीड्यांची, म्हणजे जवळपास सारे भांडार घरात ठेवता येईल अशी. कॅनॉनिकल कंपनीने ‘शिपइट’ योजनेखाली उबुंटू या आपल्या लिनक्स वितरणाच्या सीड्या मागेल त्याला टपालखर्चासुद्धा न घेता जगभर पाठवल्या, आणि ही योजना एप्रिल २०११ पर्यंत चालली. सीडी हातात पडायला काही आठवडे जात. तोवर तिच्यातल्या कित्येक पॅकेजांच्या नव्या दुरुस्त्या निघालेल्या असत, आणि त्या आणायला पुन्हा तीच मंद तार. या पेचाचे उत्तर रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने ‘अॅप्ट-ऑफलाइन’द्वारे दिले. घरच्या यंत्रावर ‘मला काय काय हवे’ याची लहानशी फाइल तयार करायची, ती पेनड्राइव्हवर घालून सायबर कॅफेत वा महाविद्यालयात न्यायची, तिथे त्या यादीबरहुकूम पॅकेजे उतरवून गठ्ठा बांधायचा आणि घरी आणून बसवायचा. आणि डेबियनच्या भांडारावर स्वाक्षरी असल्याने वाटेत कोणी फेरफार केला तर तो उघडकीस येई. लॅमिंग्टन रोडच्या सीडीत जी हमी कधीच नव्हती, ती इथे परक्या यंत्रावरून आलेल्या गठ्ठ्यालाही लाभली.

२०१५ साली विंडोज १० ने घरगुती ग्राहकाची अपडेट नाकारण्याची मुभा बहुतांशी काढून घेतली आणि मोठ्या अपडेटांचा आकार गिगाबाइटांत गेला. मर्यादित जोडणी म्हणून खूण करण्याची सोय सेटिंगांत आहे, पण ती शोधून लावण्याचा भार ज्याची तार अरुंद त्याच्यावरच टाकलेला आहे. आणि अशा माणसाला ज्यांनी एकेकाळी आधार दिला, त्या मासिकांबरोबरच्या सीड्यांवरचा माहितीचा थर आता उडू लागला आहे. ज्या ग्रंथालयांनी त्या काळचे संगणकविषयक अंक बांधून ठेवले असतील त्यांनी पाकिटातल्या सीड्या काढून त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, आणि ज्या दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या गावोगाव नेल्या त्यांना, ते हाताशी आहेत तोवर, कोणत्या साली कोणत्या गावात काय बसवले हे विचारून लिहून घ्यावे.