मळ्याचे नाव आणि मालाचा मान : बोर्दोचा ओ-ब्रियाँ मळा व महाराष्ट्रातील द्राक्षमद्याचा इतिहास

प्रस्तावना

फ्रान्समधील उंची तांबड्या द्राक्षमद्याचा इतिहास सावनेरसारख्या संत्रा-कापसाच्या गावातून अभ्यासावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, याचाही येथे विसर पडलेला नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू मद्यपानाचा पुरस्कार करणे हा नाही. शेतातून निघालेला माल विशिष्ट मळ्याच्या नावाने ओळखला जातो आणि त्या नावाला पिढ्यान्‌पिढ्या किंमत मिळत राहते, हे कसे घडते, एवढाच येथील प्रश्न आहे. नागपुरी संत्र्याच्या प्रदेशात हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही.

ओ-ब्रियाँ : नाव कसे घडले

बोर्दो शहरालगत पेसाक येथे शातो ओ-ब्रियाँ हा मळा आहे. 'शातो' म्हणजे गढी किंवा वाडा. परंतु बोर्दोच्या व्यवहारात या शब्दाचा अर्थ द्राक्षमळा, मद्यशाळा व मालकी यांचे एकत्रित एकक असा होतो. सोळाव्या शतकात झाँ द पोंताक याला विवाहसंबंधातून येथील जमीन मिळाली व इ.स. १५४९ मध्ये त्याने वाड्याचे बांधकाम सुरू केले.

त्या काळी बोर्दोचे मद्य इंग्लंडला मोठ्या प्रमाणावर जात असे. मात्र ते केवळ प्रदेशाच्या नावाने विकले जाई. कोणत्या मळ्याचे, हे विचारण्याची पद्धत नव्हती. सतराव्या शतकात आर्नो द पोंताक याने ही रीत बदलली आणि आपल्या मळ्याचा माल स्वतंत्र नावाने विकण्यास आरंभ केला. सॅम्युअल पेपिस याने १० एप्रिल १६६३ च्या रोजनिशीत लंडनमधील एका पानगृहात या मद्याची चव घेतल्याची व ती वेगळी असल्याची नोंद केली आहे. इ.स. १६६६ च्या लंडनमधील भीषण आगीनंतर पोंताक घराण्याने तेथे स्वतःच्या नावाचे पानगृहच उघडले. इ.स. १६७७ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक याने हा मळा प्रत्यक्ष पाहिला. तेथील वाळू व खडेमिश्रित जमीन पाहून येथे काही पिकेल असे वाटणार नाही, अशा आशयाचे निरीक्षण त्याने नोंदविले.

लॉकची नोंद येथे महत्त्वाची आहे. खडेमिश्रित जमिनीत पाणी साचत नाही, वेलीची मुळे खोल जातात आणि घड कमी पण सकस येतात. अर्थात जमिनीचा हा गुण पोंताक घराण्यापूर्वीही तेथे होताच. नवीन होते ते नाव, त्या नावाने होणारी विक्री आणि तिच्या लेखी नोंदी.

१८५५ ची प्रतवारी

इ.स. १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत पॅरिस येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने बोर्दोच्या व्यापारी मंडळाने मद्याच्या दलालांकडून मळ्यांची प्रतवार यादी मागविली. ही यादी ऐन वेळी चव घेऊन तयार झालेली नव्हती. कोणत्या मळ्याच्या मालाला अनेक वर्षे काय भाव मिळत आला, या दलालांच्या अनुभवावर व नोंदींवर ती आधारलेली होती. तांबड्या मद्याच्या सुमारे साठ मळ्यांचे पाच वर्ग करण्यात आले. पहिल्या वर्गात लाफित, लातूर, मार्गो व ओ-ब्रियाँ हे चारच मळे होते. त्यांपैकी पहिले तीन मेडोक भागातील, तर ओ-ब्रियाँ ग्राव भागातील होता. पुढे इ.स. १९७३ मध्ये मूताँ-रोथशिल्ड या मळ्याला पहिल्या वर्गात बढती मिळाली. या अपवादाखेरीज पहिला वर्ग आजही तसाच आहे.

ज्याला आपण मातीचा गुण म्हणतो, त्याची प्रतिष्ठा प्रत्यक्षात भावाच्या वह्यांतून सिद्ध झाली, असे यावरून म्हणता येते. इ.स. १९३५ पासून फ्रान्समध्ये उगमस्थानाच्या नावाला कायद्याचे व्यापक संरक्षण मिळाले. नाव आधी रूढ झाले व कायदा नंतर आला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातील प्रयोग

दख्खनला द्राक्षे नवीन नाहीत. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने दौलताबादची द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, असे नमूद केले आहे. या नोंदीत उष्ण प्रदेशातील द्राक्षशेतीचे मर्म आले आहे. बोर्दोत हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत जाते. आपल्याकडे ती जात नाही. म्हणून महाराष्ट्रातील बागाईतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करतो व वर्षातून एकच पीक घेतो. बोर्दोची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तर आपली जानेवारी ते मार्चमध्ये होते.

आधुनिक मद्यनिर्मितीचा लक्षणीय प्रयोग १९८० च्या दशकात नारायणगाव (ता. जुन्नर, जि. पुणे) येथे झाला. शामराव चौगुले यांच्या इंडेज उद्योगसमूहाने फ्रान्सच्या शांपेन प्रांतातील पायपर-हाइडसिक या जुन्या पेढीचे तांत्रिक साहाय्य घेतले. येथील फेसाळ मद्य परदेशी गेले. परंतु ते 'ओमर खय्याम' या नावाने. स्वदेशातील नाव होते 'मार्क्विज द पोंपादूर'. एक नाव इराणी कवीचे आणि दुसरे फ्रेंच दरबारातील स्त्रीचे. जुन्नरच्या मातीत पिकलेल्या मालाचे नाव नारायणगाव झाले नाही. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली हा समूह कोसळला, तेव्हा त्याच्यामागे टिकून राहील असे गावाचे नाव बाजारात उरलेले नव्हते.

नाशिकचा अनुभव थोडा वेगळा आहे. इ.स. १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर परिसरात सुला हा उद्योग सुरू केला. इ.स. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर करून शुल्कात सवलती दिल्या. विंचूर व पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. पुढे 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकनही लाभले. म्हणजे येथे प्रदेशाला नाव मिळाले. परंतु कारखान्यांना लागणारी बरीचशी द्राक्षे अनेक शेतकऱ्यांकडून कराराने घेतली जातात आणि एकत्र गाळली जातात. त्यामुळे वेगवेगळ्या बागांचे गुण स्वतंत्रपणे नोंदले जाणे कठीण होते. बोर्दोकडून तंत्र काही वर्षांत आणता आले. मळ्याच्या नावाची संस्था मात्र आणता आली नाही.

सावनेरच्या संदर्भात

नागपुरी संत्र्याला इ.स. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सावनेर, काटोल, कळमेश्वर, नरखेड हे या फळाचे तालुके आहेत. येथील बागाईतदार झाडाला पाण्याचा ताण देऊन आंबिया किंवा मृग बहार धरतो. हे कौशल्य द्राक्षाच्या छाटणीहून कमी नाही. परंतु अनेकदा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला ठोक विकला जातो. फळ बाजारात पोहोचते ते केवळ 'नागपुरी' म्हणून. सतराव्या शतकापूर्वी बोर्दोचे मद्य जसे विकले जाई, तशीच ही अवस्था आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र व पीक यांची नोंद होते. कोणत्या बागेच्या फळाला कोणत्या वर्षी काय भाव मिळाला, याची नोंद तेथे होत नाही.

निष्कर्ष

ओ-ब्रियाँच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. मालाची कीर्ती जमिनीत असते, पण ती नोंदींमुळे सिद्ध होते. कायद्याचे संरक्षण रूढ झालेल्या नावालाच उपयोगी पडते. आणि प्रदेशाच्या नावाचा लाभ मळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी मळ्यालाही नाव असावे लागते.

या कामात महाविद्यालयांना वाटा उचलता येईल. जुन्या बागाईतदार कुटुंबांकडील जमाखर्चाच्या वह्या, अडतीच्या पट्ट्या व विहिरींच्या आठवणी अद्याप पूर्णपणे नष्ट झालेल्या नाहीत. इतिहास, अर्थशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांनी त्या एकत्रितपणे संकलित केल्यास स्थानिक इतिहासाचे साधन तयार होईल आणि शेतकऱ्याच्या हाती भाव मागण्यासाठी पुरावाही येईल. बोर्दोच्या दलालांनी आपल्या वह्या जपल्या नसत्या, तर १८५५ ची यादी झाली नसती. आपल्याकडील वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची दखल घेणे आवश्यक आहे.