जबड्याची शस्त्रक्रिया आणि पुण्याचा अनाम कारागीर

गेल्या हिंवाळ्यांत भोकरदन तालुक्यांतील केदारखेड्यास एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. त्यांच्या कन्येचा खालचा जबडा वरच्याहून बराच पुढें आलेला आहे. पुढच्या दांतांनीं तिला भाकरीचा तुकडाही तोडतां येत नाहीं. शहरांतील डॉक्टरांनीं जबड्याचें हाड कापून योग्य जागीं बसविण्याचा सल्ला दिला होता. त्यावर घरांतील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "देवानें दिलेल्या चेहऱ्यास सुरी लावण्याचें हें विलायती वेड आपल्या घरांत कशाला?" त्यांच्या प्रश्नांतील देवाचा भाग मी शास्त्री-पंडितांवर सोडतों. 'विलायती' हा शब्द मात्र इतिहासाच्या अध्यापकास सहज सोडून देतां येत नाहीं.

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणें मान्य केली पाहिजे. निखळलेला जबडा शेकून जागेवर आणावा आणि पांच पट्ट्यांच्या बंधानें बांधावा, असा विधि सुश्रुतसंहितेंत आहे. तुटलेल्या नाकाच्या मापाचें पान घेऊन तेवढी गालाची त्वचा नाकावर बसविण्याचा प्रकारही तींत आहे. परंतु जबड्याचें हाड कापून तो पुढें-मागें करण्याची क्रिया तेथें नाहीं. ती आहे असें म्हणणें म्हणजे खोटा अभिमान होय. आपला वांटा शोधावयाचा तो दुसरीकडे, आणि ती जागा म्हणजे पेशवाईच्या अखेरचें पुणें.

कावसजी नांवाचा एक मनुष्य टिपूविरुद्धच्या युद्धांत इंग्रजांच्या लष्कराचे बैल हांकीत असे. वृत्तांतांत त्यास मराठा शेतकरी म्हटलें आहे. नांव मात्र पारशी धाटणीचें दिसतें. १७९२ च्या त्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभर तो नाकावांचून राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातींतील एका माणसानें त्यास नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्याचे डॉक्टर थॉमस क्रूसो व त्यांचे एक सहकारी यांनीं ही क्रिया पाहिली होती. सवाई माधवराव पेशव्यांचें चित्र काढणारा जेम्स वेल्स यानें जानेवारी १७९४ मध्यें कावसजीचेंही चित्र काढलें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें सर्व हकीकत छापून आली.

कृति अशी होती. मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून त्यास नाकाचा आकार द्यावयाचा. तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. त्या रेघेप्रमाणें कपाळाची त्वचा सोडवावयाची; पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तोडावयाची नाहीं. मग ती त्वचा पिळून खालीं आणून नाकाच्या कडांशीं जुळवावयाची आणि पाण्यांत भिजविलेला कात लावलेल्या पांच-सहा चिंध्या वर ठेवावयाच्या. चार दिवसांनंतर तुपांत बुडविलेलें कापड. ती चिंचोळी पट्टी कापावयाची ती सुमारें २५ व्या दिवशीं, म्हणजे नवी जोड धरल्यावरच.

सर्व मर्म त्या न तोडलेल्या पट्टींत आहे. तिच्यांतून रक्त वाहत राहतें, म्हणून जागा सोडलेली त्वचा मरत नाहीं. ज्यास स्थलांतर करावयाचें, त्याचा मुळाशीं असलेला संबंध नवें घर मिळेपर्यंत तोडूं नये, हें तें तत्त्व.

ती हकीकत वाचून जोसेफ कार्पू या शस्त्रवैद्यानें २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं लंडनमध्यें याच रीतीनें नाक केलें आणि १८१६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. पुढें १८४९ च्या सुमारास अमेरिकेंतील व्हीलिंग गांवच्या सायमन हलिहेन यानें एका भाजलेल्या तरुणीचा लांबलेला जबडा दुरुस्त केला. पाचरीच्या आकाराचें हाड काढून त्यानें जबडा मागें घेतला आणि गळ्यावरील आखडलेल्या व्रणाच्या जागीं खांद्याकडील त्वचा वळवून बसविली. जबडा सुधारण्याच्या शस्त्रक्रियेचा आरंभ येथून धरतात. हाडाची करवत त्याची. पण वळविलेल्या त्वचेस जगविणारें तत्त्व पुण्याच्या कारागिरास ठाऊक असलेलेंच.

आजची रीत ह्यूगो ओब्वेगेझर या ऑस्ट्रियन शस्त्रवैद्यामुळें रूढ झाली. खालच्या जबड्याचें हाड तोंडाच्या आंतूनच उभें चिरून त्याचे दोन थर एकमेकांवर सरकवावयाचे, ही त्याची युक्ति १९५७ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाली. वरचा जबडा कवटीपासून सोडविल्यावर तो जगेल कसा, ही शंका मात्र अनेकांस होती. विल्यम बेल यांनीं माकडांवर प्रयोग करून १९७५ पर्यंत दाखवून दिलें कीं टाळूकडील मांसल पडदा अखंड ठेवला तर त्यांतून हाडास रक्त मिळत राहतें. वाचकांनीं क्षणभर कपाळावरची ती पट्टी आठवावी. त्वचेच्या ठिकाणीं हाड आलें, तत्त्व तेंच.

आतां हें कर्म शरीराची वाढ पुरी झाल्यावर करतात. आधीं कित्येक महिने तारा लावून दांत ओळींत आणतात, मग हाड हलवून टायटॅनियमच्या पट्ट्यांनीं स्थिर करतात. त्यांत धोकाही आहे. खालच्या जबड्यांतून जाणारी शीर दुखावल्यास ओठ व हनुवटी बधिर होतात, आणि ती बधिरता कांहींजणांत कायमची राहते. म्हणून लग्न जमावें एवढ्याच हेतूनें कोणीं हें करवूं नये. पण घास नीट चावतां यावा, असें त्या मुलीस स्वतःस वाटत असेल, तर 'विलायती' या एका शब्दानें तिची वाट अडविणें न्याय्य नव्हे.

एक शल्य मात्र उरतें. त्या वृत्तांतांत रोग्याचें नांव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांचें आहे; चित्रकाराचेंही नांव आपणांस ठाऊक आहे. ज्याच्या हातांनीं नाक घडलें, त्याचें तेवढें नाहीं. आपल्या पंडितांपाशीं ग्रंथ होता आणि त्या कारागिरापाशीं हात होता. परंतु लेखणी धरणाऱ्यांनीं विटा पाडणाऱ्याच्या दारीं जाऊन कधीं विचारपूस केली नाहीं. तें काम परक्यांनीं केलें, आणि त्यांनीं टिपून नेलेली आपलीच विद्या परत आली तेव्हां आपण तिला विलायती म्हटलें.