स्मार्टकार्ड टोकन : संगणकावरील प्रवेशदोष व त्यांचे निदान

डिजिटल सहीची व गुप्तलेखनाची खाजगी किल्ली जिच्यात बंदिस्त असते अशी चिप यूएसबीच्या टोकाला बसवून तयार केलेले बोटभर लांबीचे साधन. सोलापुरात महानगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या निविदा भरणारे कंत्राटदार, टॉवेलचे निर्यातदार आणि करसल्लागारांच्या पेढ्या यांच्या रोजच्या बोलण्यात ते ‘डोंगल’ किंवा ‘डीएससी’ या नावाने वावरते. रचनेने मात्र ते स्मार्टकार्डच होय. कार्ड आणि त्याचे वाचकयंत्र एकाच वेष्टनात आले, इतकाच काय तो फरक. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आल्यावर अशा सहीस कायद्याचे अधिष्ठान लाभले. पुढे १ जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या वर्गाची प्रमाणपत्रे देणे बंद होऊन तिसऱ्या वर्गाची तेवढी चालू राहिली.

वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र सादर करण्याची २० तारीख उजाडावी आणि नेमके त्याच दिवशी संगणकाने टोकन ओळखण्याचे नाकारावे, हा अनुभव पेढ्यांना नवा नाही. परंतु अशा वेळी दोष टोकनाच्या माथी मारण्याची जी रीत पडली आहे ती बहुधा अन्यायाची ठरते. चिप आणि अर्ज यांच्या दरम्यान यूएसबीची खाच, विंडोजमधील ‘स्मार्ट कार्ड’ ही सेवा, टोकन-उत्पादकाची प्रणाली, प्रमाणपत्रांचे भांडार आणि सही उमटविणारा कार्यक्रम अशी साखळी असून, तिच्यातील कोणता दुवा निखळला हे खालून वर क्रमाने पाहत गेल्यासच उमगते. प्रथम टोकनाबरोबर आलेला व्यवस्थापन-कार्यक्रम उघडून त्यात प्रमाणपत्र दिसते की नाही याची खातरजमा करावी. तेथेच ते दिसत नसेल, तर खाच बदलून पाहणे, मधला हब काढून टाकणे आणि ती सेवा चालू आहे का हे तपासणे, एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते. दूरस्थ संगणकावर रिमोट डेस्कटॉपने शिरलेल्या माणसास त्या दूरच्या यंत्राला लावलेले टोकन सहसा दिसतच नाही, कारण अशा सत्रात विंडोज कार्डाची विचारणा माणूस बसला असेल त्या यंत्राकडे वळविते. घरबसल्या पेढीचे काम उरकू पाहणाऱ्यांची येथे हटकून फसगत होते.

व्यवस्थापन-कार्यक्रमात प्रमाणपत्र दिसते पण संकेतस्थळावर उमटत नाही, असे झाल्यास दोष वरच्या दुव्यांत शोधावा. क्रोम विंडोजचे भांडार वाचतो, तर फायरफॉक्सला स्वतःचे भांडार असल्याने त्यात टोकनाची पीकेसीएस-११ लायब्ररी २०२१ पर्यंत बहुधा हाताने नोंदवावी लागे. आणि ६४ बिटांच्या कार्यक्रमास ३२ बिटांची लायब्ररी चालत नाही. ब्राउझरांनी जावा अ‍ॅप्लेटचा आश्रय काढून घेतल्यापासून सहीचे काम ‘एमसायनर’सारखे कार्यक्रम संगणकावरच पार्श्वभूमीत राहून करतात, त्यांचा संकेतस्थळाशी होणारा अंतर्गत संवाद अँटिव्हायरसने अडविला, की टोकन धडधाकट असूनही ‘जोडणी होत नाही’ असाच निरोप येतो.

गुप्तलेखनाच्या कार्यक्रमांतील अडचणी थोड्या निराळ्या. जीएनयूपीजीचा कार्ड सांभाळणारा घटक कार्ड एकट्याकडेच धरून ठेवू पाहतो. सबब दुसरा कार्यक्रम आधीच त्यावर बसला असेल तर एकास बंद केल्यावाचून दुसऱ्यास प्रवेश मिळत नाही. लिनक्सवर हाच तंटा त्या घटकाच्या अंगभूत चालकात आणि ‘पीसीएससीडी’ या सेवेत लागतो, आणि अंगभूत चालक बंद केल्यास मिटतो. व्हेराक्रिप्टमध्ये टोकनावरील किल्ली-फाइल वापरण्यापूर्वी लायब्ररीचा मार्ग दाखवावा लागतो. तो दाखविला नसेल तर टोकन लावलेले असूनही त्यातील फाइल कार्यक्रमास सापडत नाही.

यांपैकी कोणताही दोष शोधताना पिन अंदाजाने मारून पाहू नये. ओपनपीजीपी कार्डावर लागोपाठ तीन चुकांनंतर पिन अडतो आणि तो मोकळा करण्यास प्रशासकीय पिन लागतो. इतर टोकनांतही चुकांची मर्यादा ठरलेली असते. याहून घातक उपाय म्हणजे टोकन ‘इनिशियलाइझ’ करणे, कारण त्याने किल्ल्या समूळ पुसल्या जातात. सहीची किल्ली गेली तर नवे प्रमाणपत्र काढण्याचा खर्च व चार दिवसांचा खोळंबा सोसून निभावते. पण गुप्तलेखनाची किल्ली गेली आणि तिची प्रत अन्यत्र नसली, तर तिच्या कुलपाखाली ठेवलेला दस्तऐवज कोणत्याही उपायाने पुन्हा वाचता येत नाही. मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचे टोकनही याच कारणास्तव लगेच पुसू नये. मुदत प्रमाणपत्राची सरते, किल्ली मात्र जुने मजकूर उघडण्यास समर्थ राहते.

पेढ्यांतून अशिलांची टोकने एकाच खणात, प्रत्येकास पिनची चिठ्ठी चिकटवून ठेवलेली आढळतात. दोन टोकने एकदम लावल्याने भलत्याच अशिलाचे प्रमाणपत्र पुढे येणे हा त्यातून उद्भवणारा किरकोळ घोटाळा होय. गंभीर बाब अशी की, अधिनियमाच्या कलम ४२ अन्वये खाजगी किल्लीवर ताबा राखण्याची वाजवी दक्षता घेण्याचे दायित्व प्रमाणपत्रधारकाचे आहे, आणि किल्ली परहस्ते गेल्याचे कळताच प्रमाणन-संस्थेस विनाविलंब कळविण्याचे बंधनही त्याच कलमात आहे.