धुराचे वाचन : किताक्यूशू

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनुमानाचे पहिले उदाहरण शिकवले जाते ते धुराचे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. धूर हे लिंग, अग्नी हे साध्य. या उदाहरणात धूर पाहणारा माणूस पर्वताच्या पायथ्याशी राहतो की दूरच्या गावी, त्याच्या घरात तो धूर शिरतो की नाही, याला काहीच महत्त्व नसते. जपानच्या क्यूशू बेटाच्या उत्तर टोकावर वसलेल्या किताक्यूशू या औद्योगिक बंदरनगरीचा इतिहास समजून घेताना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. या शहरावर सुमारे सत्तर वर्षे धुराचे छत होते. राज्यकर्त्यांनी त्या धुरावरून एक अनुमान काढले, कामगारांनी दुसरे, शत्रूच्या वैमानिकांनी तिसरे आणि घरोघरच्या स्त्रियांनी चौथे. आज तो धूर नाही. त्याची वाचने तेवढी उरली आहेत.

शिन्कानसेनने कोकुरा स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला आपण औद्योगिक शहरात आलो आहोत याची खूण चटकन सापडत नाही. स्थानकाच्या इमारतीच्या पोटातूनच मोनोरेल निघते, थोड्या अंतरावर नदी आहे, किल्ला आहे, वर स्वच्छ आकाश आहे. मोजी, कोकुरा, वाकामात्सु, याहाता आणि तोबाता ही पाच स्वतंत्र शहरे १९६३ साली एकत्र करून किताक्यूशू निर्माण झाले. हे नाव म्हणजे केवळ 'उत्तर क्यूशू' हा दिशादर्शक शब्द. एकेकाळी दहा लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ९ लाख ३९ हजारांवर आली होती. पाच शहरांचे पाच स्वभाव अजून वेगळे ओळखू येतात, म्हणून येथील इतिहास पायी आणि तुकड्यातुकड्यांनीच पाहावा लागतो.

पूर्वेकडील मोजीपासून आरंभ करणे सोयीचे. १९१४ सालचे रेल्वेस्थानक, विटांच्या जुन्या इमारती आणि समोर कानमोनची अरुंद सामुद्रधुनी. पलीकडचा शिमोनोसेकीचा किनारा इतका जवळ आहे की तेथील घरे मोजता यावीत. १९५८ पासून समुद्राच्या तळाखालून पादचाऱ्यांसाठी ७८० मीटरचा बोगदाही आहे. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चालत जाता येते. त्या पलीकडच्या किनाऱ्यावर एप्रिल १८९५ मध्ये चीन आणि जपान यांच्यातील तह झाला आणि पराभूत चीनवर २० कोटी तैल चांदीची खंडणी लादली गेली. त्या रकमेतील काही भाग याहाता या तेव्हाच्या लहानशा खेड्यात सरकारी पोलाद कारखाना उभारण्यासाठी वापरला गेला. अलीकडच्या किनाऱ्यावरील धुराचे मूळ अशा रीतीने पलीकडच्या किनाऱ्यावरील करारनाम्यात सापडते.

याहाताची निवड झाली ती कोळशामुळे. चिकुहोच्या खाणी जवळ, दोकाईची खाडी दाराशी आणि समुद्रमार्गे चीनमधील दाये येथील लोहखनिज आणण्याची सोय. आराखडा आणि तंत्रज्ञ जर्मनीतून आले. फेब्रुवारी १९०१ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. पण ती नीट चालेना आणि पुढच्याच वर्षी बंद करावी लागली. जपानी धातुतज्ज्ञांनी तिच्या रचनेत फेरबदल केल्यावर १९०४ मध्ये ती स्थिर झाली. परकीय आराखडा जसाच्या तसा उचलून चालत नाही, हा धडा भट्टीनेही दिला. त्यानंतर कित्येक वर्षे देशातील पोलादाचा फार मोठा हिस्सा येथून निघाला. याहाताच्या जुन्या नगरगीतात ज्वाळांचा आणि आकाशभर दाटलेल्या धुराचा गौरव आहे. कारखान्यांचा 'सप्तरंगी धूर' हे समृद्धीचे चिन्ह मानले जाई. हे धुराचे पहिले वाचन, आणि ते लादलेले होते असेही म्हणता येत नाही. पोट भरणाऱ्या गोष्टीविषयी माणसाला वाटणारा अभिमान त्यात खरोखरच होता.

दुसरे वाचन कामगारांचे. फेब्रुवारी १९२० मध्ये वेतनवाढ आणि कामाचे कमी तास या मागण्यांसाठी याहाताच्या हजारो कामगारांनी काम थांबवले. संपाचे नेते आसाहारा केंझो यांनी दहा वर्षांनी त्यावर जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'झोतभट्टीची आग विझली' असा आहे. धूर थांबला याचा अर्थ भट्टी नादुरुस्त झाली असा नव्हता. भट्टीपाशी उभी राहणारी माणसे आहेत, हे त्या थांबण्यातून सिद्ध झाले. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर धुराच्या अभावावरूनही एक अनुमान निघाले.

तोबाताहून वाकामात्सुला जायचे तर खाडीवर १९६२ चा लाल झुलता पूल आहे. पण प्रवाशाने लहान बोटीनेच जावे. तीन-चार मिनिटांचा प्रवास. वाकामात्सु हे एकेकाळी जपानमधील सर्वांत मोठे कोळशाचे बंदर होते. चिकुहोचा कोळसा नदीतून आणि रेल्वेने येथे येई आणि जहाजांत चढवला जाई तो माणसांच्या खांद्यांवरून. या हमालांना 'गोन्झो' म्हणत; त्यांत स्त्रियाही होत्या. त्यांच्या विसाव्याच्या खोपटाची आठवण देणारी एक लहान वास्तू किनाऱ्यावर आहे. अशाच एका हमाल टोळीच्या प्रमुखाच्या घरी हिनो आशिहेई हा लेखक वाढला. त्याने येथील हमालांची संघटना बांधली, कोळसा चढवणाऱ्या यंत्रांमुळे बुडणाऱ्या रोजगारासाठी १९३१ साली संप घडवला. पुढे तोच हिनो सैन्यात गेला, चीनच्या आघाडीवर असतानाच त्याला आकुतागावा पारितोषिक मिळाले आणि १९३८ साली 'गहू आणि सैनिक' या युद्धवृत्तान्ताने तो देशभर गाजला. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. युद्धानंतर युद्धाचा पुरस्कर्ता ठरवून त्याच्यावर काही काळ निर्बंध आले. मग त्याने आपल्या आईवडिलांवर, या बंदरावर 'फुले आणि ड्रॅगन' ही कादंबरी लिहिली. १९६० मध्ये त्याचा मृत्यू झाला. ती आत्महत्या होती हे पुष्कळ वर्षांनी जाहीर करण्यात आले. हमालांचा कैवारी आणि सैन्याचा लेखक हे दोन निराळे हिनो नव्हते. कष्टकऱ्यांच्या सोबत राहण्याची जी वृत्ती त्याला बंदरावर संपाकडे घेऊन गेली, तीच त्याला आघाडीवर साध्या सैनिकाच्या इतक्या निकट घेऊन गेली की ते सैनिक कोणाच्या भूमीवर चालत आहेत, हा प्रश्न मागे पडला. साहित्याच्या अभ्यासकाने वाकामात्सुच्या धक्क्यावर थोडा वेळ थांबावे ते यासाठी.

युद्धाने धुराला तिसरा वाचक दिला. १९४४ च्या जूनमध्ये बी-२९ विमानांनी जपानच्या मुख्य बेटांवर पहिला हल्ला केला तो याहातावर. ती विमाने आपल्याकडच्या खरगपूर परिसरातील तळांवरून निघून चीनमधील छंगतूमार्गे गेली होती. पोलादाचा धूर आता लक्ष्याची खूण झाला. ८ ऑगस्ट १९४५ रोजी याहातावर पुन्हा आगीचे बॉम्ब पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचे मुख्य लक्ष्य कोकुरा येथील शस्त्रागार होते. विमानाने तीन फेऱ्या घातल्या. पण लक्ष्य डोळ्यांना दिसेना. अखेर ते नागासाकीकडे वळले. आकाश झाकले होते ते ढगांनी, आदल्या दिवशीच्या आगींच्या धुराने, की कारखान्यातून मुद्दाम सोडलेल्या धुराने, यावर आजही मतभेद आहेत; अखेरच्या शक्यतेच्या बाजूने एका माजी कामगाराची साक्षही नंतरच्या काळात प्रसिद्ध झाली. शस्त्रागाराच्या जागेवर आता उद्यान आहे. तेथे नागासाकीने १९७३ साली दिलेली घंटा आहे आणि दरवर्षी ९ ऑगस्टला स्मरणसभा होते. आपण वाचलो असे या शहराला म्हणता येत नाही. कारण त्या वाक्याचा उत्तरार्ध दुसऱ्या शहराच्या नावाने पूर्ण होतो.

याच कोकुरात मोरी ओगाई हा श्रेष्ठ लेखक लष्करी वैद्य म्हणून १८९९ ते १९०२ या काळात राहिला. त्याची त्या वर्षांची रोजनिशी हरवली होती. ती १९५१ साली सापडली. कोकुरात वाढलेल्या आणि तेथे वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात काम करणाऱ्या मात्सुमोतो सेइचो याने १९५२ मध्ये त्यावर एक कथा लिहिली. तिचा नायक एक अपंग तरुण आहे. हरवलेल्या रोजनिशीची भरपाई म्हणून ओगाईला ओळखणाऱ्या माणसांना भेटत, लंगडत तो आयुष्यभर टिपणे गोळा करतो. तो मरतो आणि मग मूळ रोजनिशी सापडते. त्याचे श्रम वाया गेले काय, हा प्रश्न कथा उघडाच ठेवते. या कथेला आकुतागावा पारितोषिक मिळाले आणि पुढे सेइचो रहस्यकथांचा थोर लेखक झाला. सामान्य माणसाने, अधिकार नसताना, चिकाटीने गोळा केलेला पुरावा ही या कथेतील कल्पना त्याच वर्षांत शेजारच्या तोबातात प्रत्यक्षात उतरत होती.

धुराचे चौथे वाचन तेच. १९५० च्या सुमारास तोबाताच्या नाकाबारू वस्तीतील स्त्रियांच्या लक्षात आले की दोरीवर वाळत घातलेले कपडे काळे होऊन उतरतात. त्यांनी तक्रारीआधी पुरावा जमवला. पांढऱ्या चादरी ठिकठिकाणी टांगून त्यांवर साचणारी काजळी पाहिली, जवळच्या वीजनिर्मिती केंद्राकडे गेल्या आणि धूळ पकडणारी यंत्रे बसवून घेतली. १९६० च्या दशकात तोबातातील स्त्रियांनी प्राध्यापकांची मदत घेऊन पडणाऱ्या धुळीचे मोजमाप केले, शाळेतील मुलांच्या आजारपणाच्या रजा मोजल्या आणि दोन्हींचा मेळ घातला. १९६५ मध्ये त्यांनी '(आम्हाला) निळे आकाश हवे' अशा अर्थाच्या नावाचा आठ मिलिमीटरचा चित्रपट स्वतः तयार केला. त्याच वर्षी याहाताच्या शिरोयामा भागात दर चौरस किलोमीटरवर महिन्याला सरासरी ८० टन धूळ पडत होती. देशातील ती सर्वांत वाईट नोंद. यांतील अनेकींचे पती त्याच कारखान्यांत कामाला होते, हे विसरता कामा नये. समृद्धीचा धूर आणि मुलाचा खोकला एकाच घरात राहत होते, आणि पगार ज्याच्याकडून येतो त्याच्याविरुद्ध वही उघडून आकडे लिहायला निराळे धैर्य लागते.

दोकाईच्या खाडीला तेव्हा 'मृत्यूचा समुद्र' म्हणत. १९६९ च्या पाहणीत तिच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू शून्य आढळला. तेथे जंतूही जगत नाहीत असे बोलले जाई. १९७१ मध्ये शहराने प्रदूषण नियंत्रणाचा स्वतंत्र विभाग उभारला, कारखान्यांशी करार केले, आणि त्या दशकात खाडीच्या तळातून पारामिश्रित गाळ सुमारे ३ लाख ५० हजार घनमीटर उपसून काढला. मासे परतले. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शहराचा गौरव केला. हे यश खरे आहे. कायदा, तंत्रज्ञान, पैसा आणि पोलाद उद्योगातील मंदी, या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण ज्या वाचनातून ते सुरू झाले, ते कपडे वाळत घालणाऱ्या हातांचे होते.

याहाताला आज 'स्पेस वर्ल्ड' नावाचे रेल्वेस्थानक आहे. कारखान्याच्या रिकाम्या जागेवर १९९० साली उभारलेल्या करमणूक उद्यानाचे हे नाव. उद्यान २०१७ अखेर बंद झाले, नाव राहिले. जवळच '१९०१' हा आकडा मिरवणारी जुनी झोतभट्टी जतन केली आहे. कारखान्याची १८९९ सालची विटांची कचेरी २०१५ मध्ये जागतिक वारसा ठरली; चालू कारखान्याच्या आवारात असल्यामुळे ती ठरावीक जागेवरून, काहीशा दुरूनच पाहावी लागते. हे दुरून पाहणे अर्थपूर्ण वाटते. वारशाची नोंद मेइजी काळातील उद्योगपर्वापुरती, १९१० पर्यंतची आहे. युद्धकाळात येथे आणि अशा इतर स्थळी कोरियातून आणलेल्या मजुरांकडून सक्तीने काम करून घेतले गेले, यावर नोंदणीच्या वेळीच वाद झाला. अनेकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत राबवले गेले, हे जपानच्या प्रतिनिधीने तेव्हा मान्य केले आणि त्यांची स्मृती जपण्याचे आश्वासन दिले. २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीने ते आश्वासन पुरेसे पाळले गेले नसल्याची खंत व्यक्त केली. विटांची कचेरी जपली जाते तशी मजुरांची यादी जपली जात नाही.

अनुमानात एक दोष सांगितला जातो : हेतू दिसतो, पण व्याप्ती तपासलेली नसते. स्वच्छ आकाशावरून या शहराचे सगळे ऋण फिटले असे अनुमान करणे हा त्याच जातीचा दोष ठरेल. दाये येथील खनिज, चीनची खंडणी, गोन्झोंचे खांदे, कोरियन मजुरांची नावे आणि नागासाकी, यांपैकी काहीही आकाशात दिसत नाही. तोबाताच्या स्त्रियांनी जे केले ते याही बाबतीत करता येण्यासारखे आहे. पांढरी चादर टांगावी, तिच्यावर काय साचते ते पाहावे आणि ते मोजून लिहून ठेवावे.