एचआयव्ही आणि तोल जाणे

तोल जाणे म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला उभे राहताना, चालताना किंवा वळताना तोल सांभाळता न येणे. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. त्याला ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरते.

तोल सांभाळतात ते डोळे, आतला कान आणि तळपायांतून मेंदूकडे जाणारी संवेदना. एचआयव्हीत बहुधा तळपायांच्या नसा आधी बिघडतात. सुरुवात पायांच्या बोटांपासून होते. मुंग्या येतात, आग होते, मग बधिरता वर सरकते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. उजेडात नीट चालणारा माणूस अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडतो, कारण त्याचा सगळा भार डोळ्यांवर आलेला असतो. पाय जुळवून डोळे मिटायला लावणारी रोम्बर्ग चाचणी नेमके हेच दाखवते.

या त्रासामागे औषधांचाही इतिहास आहे. भारत सरकारने 1 एप्रिल 2004 पासून आठ केंद्रांवर मोफत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू केली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. त्या काळच्या उपचारातल्या स्टॅव्ह्युडिन या स्वस्त औषधाने असंख्य जीव वाचवले, पण नसांना इजाही केली. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा वापर थांबवत नेण्याची शिफारस केली. तेव्हा वाचलेल्या अनेकांचे पाय आजही बधिर आहेत. त्यांची तक्रार वयावर ढकलणे अन्यायाचे आहे. क्षयरोगावरील आयसोनियाझिडने नसांना इजा होऊ नये म्हणून सोबत बी-6 जीवनसत्त्व देतात. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने आतल्या कानाला कायमची इजा करू शकतात. एचआयव्हीवरील एफाव्हिरेन्झ या औषधाने गरगरू शकते. बी-12ची कमतरता, मधुमेह आणि दारू हीही कारणे तपासावी लागतात.

तोल काही दिवसांत झपाट्याने बिघडला आणि सोबत ताप, डोकेदुखी, उलट्या किंवा एका बाजूची कमजोरी असेल, तर मेंदूतील क्षयरोग, क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस किंवा टॉक्सोप्लाझ्मा यांची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जयपूरच्या आदर्श नगरातील रुग्णाला तपासणी आणि उपचारांसाठी लांब जावे लागत नाही. शहरातीलच सवाई मानसिंह रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. गोळ्या घ्यायला जाताना ‘पाय बधिर वाटतात, अंधारात तोल जातो’ असे स्पष्ट सांगावे. विचारले नाही तरी सांगावे. घरात रात्रभर मंद दिवा, शौचालयात धरायला कठडा, बसून आंघोळ आणि मागे पट्टा असलेली पादत्राणे यांनी पडण्याचा धोका कमी होतो. पडणे टाळायचे, कारण एआरटीतील टेनोफोव्हिर या औषधाने हाडेही ठिसूळ होऊ शकतात. फिजिओथेरपीतील तोलाचे व्यायाम उपयोगी पडतात. जयपूरच्या थंडीत शेगडीजवळ पाय धरू नयेत; बधिर पायाला भाजलेले कळत नाही. रोज तळवे पाहावेत.

तोल जातो म्हणून एआरटीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. औषध बदलायचे की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. माहितीसाठी राष्ट्रीय एड्स मदतवाहिनी 1097 वर मोफत उपलब्ध आहे.