अक्षरे हरवली, अंक राहिले

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. त्यांत ४२ हे वर्ष लिहिताना आधी चाळिसाचे चिन्ह व मग दोनाचे चिन्ह कोरले आहे. तेथे शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. हिब्रू अंकलेखन याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच की, तेथे अंकांना निराळी चिन्हे नसून वर्णमालेतील २२ अक्षरेच अंकांचे काम करतात. पहिली नऊ अक्षरे १ ते ९, पुढची नऊ १० ते ९० आणि उरलेली चार १०० ते ४०० दाखवितात.

अक्षर हाच अंक ठरला म्हणजे प्रत्येक शब्दाला आपोआप बेरीज येते. 'जिवंत' या अर्थाच्या हिब्रू शब्दाची दोन अक्षरे म्हणजे ८ आणि १०. म्हणून अठरा ही संख्या शुभ मानून ज्यू लोक अठराच्या पटीत दान देतात. उलट पंधरा लिहिताना १० आणि ५ ही अक्षरे जवळजवळ ठेवली, तर ईश्वराचे नाव उमटते. ते हिशेबात वापरणे अनुचित. म्हणून 'योद-हे' टाळून ९ आणि ६ यांची, म्हणजे 'टेथ-वाव' ही जोडी लिहितात.

हा विषय दूरदेशीचा वाटेल, पण तो आपल्या कोकणापर्यंत येऊन पोचला आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. त्यांचे ग्रंथ बुडाले आणि पुढे हिब्रू भाषाही विसरली. ते मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. परंतु सातव्या दिवशी घाणा बंद ठेवणे आणि मुलाची सुंता आठव्या दिवशी करणे त्यांनी सोडले नाही. लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ग्रंथावाचून धर्म टिकला, तो अशा मोजलेल्या दिवसांच्या आधारावर.

हरवलेली अक्षरे मागाहून परत आली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. हिब्रू कालगणनेत हजारांचा आकडा बहुधा गाळतात. १७९६ च्या पूर्वार्धात ५५५६ हे वर्ष चालू होते. ते ४००, १००, ५० आणि ६ अशा चार अक्षरांत मावते.

शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला हा समाज एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा करतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहूच्या रथाची खूण उमटली, अशी त्यांची श्रद्धा आहे. या सणाचे नाव 'तू बिश्वात'. त्यातला 'तू' म्हणजेच ते 'टेथ-वाव', ९ आणि ६. ईश्वरनामाचा आदर राखण्यासाठी केलेली बेरीज कोकणच्या मातीत सण होऊन राहिली.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य मंडळी इस्राएलला गेली. मागे राहिलेल्या थडग्यांवर मराठीशेजारी हिब्रू अक्षरे दिसली, तर ती केवळ नक्षी समजून आपण पुढे जाऊ नये. ती वाचावी, त्यांची बेरीज करावी. आपल्याच एका शेजाऱ्याचा काळ त्यांत मोजलेला असेल.