आठच फ्लॅट आहेत साहेब!

मागच्या महिन्यात साताऱ्यात फ्लॅट बघत होतो. आठवड्यातले तीन दिवस वर्क फ्रॉम होम, आणि पुण्यातले भाव ऐकून डोळे पांढरे झालेले. गोडोलीत एका नव्या बिल्डिंगखाली एजंटला विचारलं, "रेरा नंबर काय?" तो हसून म्हणाला, "आठच फ्लॅट आहेत साहेब, रेरा लागतच नाही!" जणू लिफ्ट, पार्किंगसारखी हीसुद्धा एक सोय!

घरी येऊन कायदा वाचला (बग शोधायची सवय, दुसरं काय). माणूस खोटं बोलत नव्हता. मग प्रश्न पडला, घर विकायला परवाना लागतो हे आपल्याकडे सुरू तरी कधी झालं?

अमेरिकेत कारखान्यात बनवलेली अख्खी घरं ट्रकवरून नेऊन विकतात. ती कशी बांधायची याचे देशभर एकच नियम १९७६ पासून आहेत, आणि ती विकणाऱ्या दुकानदाराला बहुतेक राज्यांत लायसन्स लागतं. म्हणजे वस्तूवरही नियम आणि विकणाऱ्यावरही.

आपल्याकडे सुरुवात तशी लवकर झाली होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि अवघ्या १९ दिवसांनी, २० मे ला, सरकारने फ्लॅटविक्रीतल्या गैरप्रकारांची चौकशी करायला समिती नेमली. जून १९६१ मध्ये अहवाल आला आणि १९६३ मध्ये कायदा झाला, तोच 'मोफा'. बिल्डरने जमिनीची मालकी आणि मंजूर नकाशे दाखवायचे, आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करायचा, आणि ती रक्कम किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. मोडलं तर तुरुंगाचीही तरतूद. कागद कोणते द्यायचे हे सगळं ठरलं, पण विकणारा कोण, त्याची नोंद कुठे, हे विचारलंच नाही. एजंट तर चित्रातच नव्हता. शिवाय कायदा फ्लॅटचा, प्लॉटचा नाही.

आणि आमच्या सांगलीकडे लोक घेत होते प्लॉट! शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा होता. त्यामुळे गुंठा-दोन गुंठ्यांचा वेगळा दस्त व्हायचा नाही. मग पाच-दहा जण मिळून एकत्र घ्यायचे, नाहीतर स्टॅम्पपेपरवर व्यवहार उरकायचा. यालाच गुंठेवारी म्हणतात. आमच्या बाबांनी १९९८ साली असेच दोन गुंठे घेतले. सातबारावर आमच्यासकट अकरा नावं. बँक कर्ज देईना, बांधकामाचा परवाना मिळेना. मी एकदा विचारलं, "बाबा, त्या एजंटचं लायसन्स नाही बघितलं?" ते म्हणाले, "अरे, लायसन्स कोण विचारतंय? तो आपल्या ओळखीतला होता." ओळख हेच लायसन्स!

सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करून १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट नियमित करायची सोय केली. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. दोन्ही वेळा दंड आणि विकास शुल्क भरायचं प्लॉटधारकाने. विकणारा केव्हाच पैसे घेऊन मोकळा.

विकणाऱ्याची नोंदणी खऱ्या अर्थाने आली ती रेराने, तीही योगायोगाने महाराष्ट्रदिनी, १ मे २०१७ ला. प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात नाही, विक्री नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात. नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. प्लॉटिंगही कक्षेत आलं. एजंटलाही नोंदणी सक्तीची झाली, आणि २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायला लावली. (चला, कुणीतरी आपल्यासारखंच सर्टिफिकेशनला बसलं!)

पण मेख इथेच आहे. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. आणि एजंटची सक्ती फक्त नोंदणी झालेल्या प्रकल्पांपुरती. ५०० चौरस मीटर म्हणजे किती? एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पाच गुंठे. मुंबई-पुण्यात ही मर्यादा किरकोळ वाटेल. सातारा-सांगलीत बिल्डिंगा चार-पाच गुंठ्यांतच उभ्या राहतात हो! जिथे माणूस आयुष्यभराची पुंजी घालतो, नेमका तिथेच परवाना संपतो.

छोट्या बिल्डरला कागदपत्रांचा जाच नको, हा मुद्दा मला पटतो. २०१३ च्या मूळ विधेयकात तर ही मर्यादा १००० चौरस मीटर आणि १२ फ्लॅट होती, ती खाली आणली गेली. राज्य सरकारला ती आणखी खाली आणायची मुभाही कायद्यातच आहे. निदान एजंटची नोंदणी तरी सगळीकडे सक्तीची करायला काय हरकत आहे? सलून टाकायला कागद लागतो, घर विकायला नको?

असो. रेरा नसला तरी अशा आठ फ्लॅटना म्हातारा मोफा आहेच. म्हणून मी त्या एजंटला फोन केला, "मोफाप्रमाणे आधी करार रजिस्टर करा, मग टोकन देतो." तो म्हणाला, "मालकांना विचारून सांगतो."

तीन आठवडे झाले. अजून फोन नाही.